कापश्याचे दहा दिवस

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मुलूख निजामाचा, तहसील केजची. घाटातल्या सडकेची मोजणी करायला एक गोरा इंजिनिअर आला आणि नांदूरघाटच्या बाहेर, माळावरच्या बंगल्यात तीन वर्षं राहिला. त्याच्या मडमेनं एक पांढरंशुभ्र कुत्रं पाळलं होतं. कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड, उभे टोकदार कान, काळेभोर डोळे आणि पाठीवर वळून पसरलेली झुबकेदार शेपटी. अंगावर एवढे केस की पाय दिसायचे नाहीत.

छबुबाई त्या बंगल्यावर झाडलोटीला जायची. कुत्रं दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नव्हतं, म्हणून त्याचं करायचं काम आपोआप तिच्याकडं आलं. मडम इंग्रजीत सांगायची आणि खानसामा हुसेनमियाँ ते छबुबाईला समजेल असं करून सांगायचा. दर दोन दिवसांनी लाकडी फणीनं विंचरायचं, वरवर नाही, केस बोटांनी उलटे धरून पार कातडीपर्यंत. वरचे केस राठ, त्यांच्याखाली मऊ लव, ती लव गुंतली की आत खाज सुटते. अंघोळ महिन्यातून एकदाच, आणि घातली की कोरडं होईस्तोवर पुसत बसायचं. "और एक बात," हुसेनमियाँ दर खेपेला म्हणायचा, "कितनी भी गर्मी हो, बाल नहीं काटना. येच बाल इसका साया है." छबुबाईला आधी हे खोटं वाटलं. मग एका उन्हाळ्यात तिनं भर दुपारी केसांत हात घालून बघितला. वरचे केस तापलेले, आणि खाली कातडी मात्र गार लागली. त्यानंतर तिनं कधी शंका घेतली नाही.

साहेबाची बदली झाली आणि ते दोघं विलायतेला निघाले, तेव्हा मडमेनं कुत्र्याची दोरी छबुबाईच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. मडमेनं ठेवलेलं त्याचं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. छबुबाईनं त्याला कापश्या म्हटलं.

गावचे देशमुख मोहनराव यांना कापश्या हवा होता. त्यांच्या बैठकीत हैदराबादचे, औरंगाबादचे पाहुणे यायचे. असं कुत्रं गालिच्यावर बसलेलं दिसावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी छबुबाईला बोलावून घेतलं.

"काय घेशील?"

"इकायचं न्हाई, मालक."

"मग तसंच दे. तुला काय करायचंय त्याचं? शेळ्या राखतंय का ते?"

"न्हाई राखत. पर मी त्याला राखते."

मोहनराव हसले. बसलेलेही हसले. छबुबाई मात्र हसली नाही. नमस्कार करून निघून आली. घरी तिचा नवरा रामकिसन दोन दिवस तिच्यामागं लागला. "अगं, दिऊन टाक की. त्यांच्या बांधाला आपला बांध हाय. उद्या पाणी अडवलं तर?" छबुबाई भाकऱ्या थापत होती. तिनं तवा खाली उतरवला आणि म्हणाली, "आवो, ते कुत्रं एका माणसाचं असतंय. तिथं नेलं तर चार दिसांत उपाशी मरंल. मला म्हाईत असून मी कावून देऊ?"

चैत्र लागला आणि कापश्याची लव झडायला लागली. दर वर्षी असंच व्हायचं. मूठ मूठ पांढरी लव निघायची, अंगावर ठिगळं दिसायची, आणि त्या महिन्यात छबुबाई त्याला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा विंचरायची. ऊन वाढलं की ते जीभ बाहेर काढून सारखं धापा टाकायचं. ती त्याला उन्हं चढायच्या आधी फिरवून आणायची, मग गोठ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर ओलं पोतं अंथरून बांधायची. पण बंगल्याच्या कंपाउंडात जे कुणाला दिसलं नव्हतं, ते आता भर गावात दिसत होतं. लोक म्हणायला लागले, रामकिसनच्या कुत्र्याला खरूज झाली. कुणी म्हणालं, खरूज कसली, लाळ गळतीय, डोळे बघा.

अशात एका दुपारी मोहनरावांचा गडी बंकट याला कापश्या चावला. छबुबाई शेतावर गेली होती. परत आली तेव्हा बंकट आडावर बसून मनगट धुवत होता, चार दातांच्या खुणांतून रक्त येत होतं, आणि कुणीतरी त्यावर लाल तिखट दाबत होतं. "गोठ्याजवळून चाललो व्हतो, आलं न चावलं," एवढंच तो म्हणाला. कापश्या गोठ्यात बांधलेलाच होता. छबुबाईनं ते बघितलं, पण विचारायला वेळ मिळाला नाही. घटकाभरात मोहनराव स्वतः आले, मागं लाठ्या घेतलेली सात-आठ माणसं.

"कुत्रं पिसाळलंय. बाहेर काढ," मोहनराव म्हणाले.

छबुबाई गोठ्याच्या दारात उभी राहिली. "पिसाळलेलं न्हाई."

"केस गळालेत, लाळ गळतीय, माणसाला चावलं. अजून काय पायजे?"

"पिसाळलेलं कुत्रं पानी पितंय का, मालक?"

पिसाळलेल्या कुत्र्याला पाण्याचं वावडं असतं, असं तिथला प्रत्येकजण मानायचा. छबुबाईनं पितळी परात आणली, घागरीतलं पाणी तीत ओतलं, कापश्याला सोडून दोरी हातात धरली आणि त्याला सगळ्यांपुढं आणलं. लोक मागं सरकले. कापश्यानं परातीत तोंड घातलं आणि चपचप आवाज करत अर्धी परात संपवली. मग मिशांवरून पाणी ठिबकत असताना मोहनरावांकडं बघून भुंकला.

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"आज पेतंय, उद्या पिणार न्हाई," मोहनराव म्हणाले. "मी गावाचा जिम्मेदार हाय. मारा त्याला."

"मारा," छबुबाई म्हणाली. तिनं कापश्याला उचलून छातीशी धरलं. "पर मग बंकटचं काय? कुत्रं मेल्यावर ते पिसाळलं व्हतं का न्हाई, हे कोन सांगंल? त्यानं जन्मभर मरणाची वाट बघत बसायचं का?"

गर्दीच्या मागं बंकटची बायको बायनाबाई उभी होती. तिनं हे ऐकलं. लाठ्या घेतलेल्यांनीही ऐकलं, आणि त्यांच्या लाठ्या खाली आल्या.

आता रामकिसननं, जो दोन दिवस कुत्रं देऊन टाक म्हणत होता, गाडीला बैल जोडले. कुणाला काही न विचारता त्यानं बंकटला गाडीत बसवलं आणि केजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरसाहेबांनी जखम पुन्हा पुन्हा धुतली आणि सांगितलं, कुत्रं मारू नका. दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवसांत मेलं तर याला लांब मद्रासेकडं इलाजाला पाठवावं लागेल. जगलं तर काळजी नाही. रामकिसननं ते कागदावर लिहून घेतलं आणि परत आल्यावर चावडीवर पाटलाच्या हातात दिलं.

मोहनरावांना कागद वाचून दाखवला गेला. त्यांनी कुत्र्याला हात लावला नाही, पण दुसऱ्या दिवशी आडावर त्यांचा माणूस उभा होता. "छबुबाईची घागर हितं बुडवायची न्हाई. कुत्र्याची लाळ लागलीय."

उन्हाळ्यात त्या कुत्र्याला माणसाइतकं पाणी लागायचं. छबुबाई पहाटे उठून शेतातल्या विहिरीवरून, दीड कोसावरून, डोक्यावर दोन घागरी आणायला लागली. आधी कापश्यापुढं परात भरायची, पोतं भिजवायची, मग उरलेल्यात घर चालवायची. शेजारच्या साखराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "कुत्र्यापायी एवढं?" छबुबाई म्हणाली, "कुत्र्यापायी न्हाई. मी खोटं बोलत न्हाई, एवढ्यापायी."

तिसऱ्या दिवशी बायनाबाई आली. आत आली नाही, कुंपणाजवळ उभी राहून तिनं विचारलं, "आक्का, आज खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं. बघ."

छबुबाईनं भाकरी ताकात कुस्करून त्याच्यापुढं ठेवली. बायनाबाईनं शेवटच्या घासापर्यंत बघितलं आणि गेली. त्यानंतर ती रोज यायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, एवढे केस कावून गळतात. छबुबाईनं तिला आत बोलावलं, केस उलटे करून खालची नवी उगवणारी लव दाखवली. "हे बघ, गुलाबी कातडी. एक फोड न्हाई, एक खवडा न्हाई. जुनं झडतंय, नवं येतंय." बायनाबाईनं भीत भीत बोट लावलं. कापश्या गुरगुरला, पण हलला नाही.

"आमच्या घरी ते झोपतच न्हाईत," ती म्हणाली. "पान्याचा तांब्या दिला की गिळवतंय का, गिळवतंय का, म्हणून दहादा घोट घेऊन बघतात."

"त्याला म्हणावं, आज सकाळी कापश्यानं दोन पराती पाणी पेलं."

सातव्या दिवशी मोहनरावांची माणसं पुन्हा आली. तीन दिवसांनी कुत्रं धडधाकट निघालं तर देशमुखाचा शब्द गावापुढं खोटा पडणार होता, आणि ते त्यांना नको होतं. या वेळी ते स्वतः आले नाहीत. चौघं होते, तिघांच्या हातात लाठ्या आणि एकाच्या हातात फास. रामकिसन शेतावर होता. छबुबाई नुकती घागर उतरवत होती. ती गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"सरक बाजूला, छबुबाई. हुकूम हाय."

"डाक्टरचा कागद चावडीवर हाय. तुमचा हुकूम कुठं लिवलाय, दाखवा."

एकजण तिच्या दंडाला धरायला पुढं आला, तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून बायनाबाई धावत आत आली. ती छबुबाईच्या शेजारी उभी राहिली. धाप लागली होती तिला. "ह्या कुत्र्याला हात लावला तर माझा नवरा मेला म्हणून समजते मी! तुमी मारला म्हणून! जाऊन सांगा मालकाला!"

चौघं थांबले. बंकट त्यांच्यातला होता, रोज त्यांच्याबरोबर भाकरी खायचा. तोही मागोमाग आला, मनगटाला फडकं बांधलेला, आणि खाली बघत म्हणाला, "मी गोठ्याजवळून चाललो न्हवतो. आत गेलतो. मालकानं पोतं दिऊन पाठवलं व्हतं, कुत्रं उचलून आण म्हणून. मी पोत्यात घालताना ते चावलं." मग छबुबाईकडं बघून म्हणाला, "भ्यालो व्हतो, आक्का. म्हणून बोललो न्हाई."

चौघं एकमेकांकडं बघून निघून गेले. फास हातात घेतलेल्यानं जाताना तो गुंडाळून काखेत दडवला.

दहाव्या दिवशी पाटील, केजहून आलेला दवाखान्याचा माणूस आणि अर्धं गाव चावडीवर जमलं. छबुबाईनं कापश्याला पहाटे तासभर विंचरलं होतं. ठिगळं अजून होतीच, पण जुनी लव सगळी निघाली होती आणि उरलेले केस उन्हात चकाकत होते. दवाखान्याच्या माणसानं त्याचे डोळे, दात बघितले, पाणी पाजून बघितलं आणि लिहून दिलं की कुत्रं निरोगी आहे. बायनाबाई पदरात तोंड घालून रडली. बंकट तांब्या उचलून सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्याला.

मोहनराव आले नाहीत. त्यांनी पाटलाकरवी निरोप पाठवला की झालं ते झालं, आडावरची बंदी उठली, पण त्या कुत्र्याला आमच्या दारावरच्या पेठेच्या रस्त्यानं आणायचं नाही, फिरवायचं तर माळाकडून फिरवावं.

निरोप ऐकून रामकिसन म्हणाला, "माळाकडून तर माळाकडून. आपल्याला काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, देशमुख दंतमंजन करत ओट्यावर बसतात त्या वेळेला, छबुबाई कापश्याला घेऊन पेठेच्या रस्त्यानं निघाली. ओट्यासमोर आल्यावर कापश्या थांबला, कान उभे करून भुंकला. मोहनराव बघत राहिले. छबुबाईनं दोरी ओढली नाही, त्याचं भुंकणं संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"निरोप मिळाला न्हाई का तुला?" मोहनरावांनी विचारलं.

"मिळाला, मालक," ती म्हणाली. "रस्ता सरकारी हाय."

आणि ती सावकाश पुढं गेली. दुसऱ्या दिवशीही तिथूनच गेली, आणि मग रोजच.