तात्पुरती यादी

शिफ्टचं बटण दाबून धरत तिनं फाइलवर दोनदा क्लिक केलं. रोज येणारी निळी चौकट आली नाही. तिच्यावरची ‘नवी नोंद’, ‘शोध’ आणि ‘छपाई’ ही तीन बटणंही आली नाहीत. डाव्या बाजूला एक लांबलचक यादी तेवढी उघडली. मुलं, जन्मदात्या आया, दत्तक घेणारी घरं, पत्ते, घरभेटींचे अहवाल. झाडून सगळं.

मागे उभ्या असलेल्या संचालिका वाकून बघू लागल्या.

“पासवर्ड?”

“विचारलाच नाही त्यानं. फाइल उघडताना हे एक बटण दाबून धरायचं, बस.”

शेजारच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. मांडीवर डबा ठेवायची कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. हा डेटाबेस त्यांनीच बनवलेला होता.

“हे ठाऊक कुणाला असणार?” ते म्हणाले. “इथे बसणाऱ्याला तीन बटणं दिसतात. आत आणखी काही आहे हेच माहीत नाही, तर माणूस शोधेल कशाला?”

“शोधायला कशाला हवं, बाबा? चुकून बोट पडलं तरी पुरतं.”

“इतक्या वर्षांत पडलं नाही.”

“ते तुमचं नशीब. तुम्ही कुलूप लावलेलंच नाही. दाराला भिंतीचा रंग देऊन मोकळे झालात.”

संचालिकांना हसू आलं. बाबांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडला.

ही संस्था मुलं दत्तक देणारी. कुणाचं मूल कुठल्या घरी गेलं, हे जन्मदातीला कळता कामा नये आणि त्या घरालाही जन्मदाती कळता कामा नये, या एका अटीवर तिचं सगळं काम उभं होतं. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर बाबांनी संस्थेच्या साऱ्या जुन्या फाइली या डेटाबेसमध्ये आणल्या. दर गुरुवारी ते येत, काही अडलं असेल तर बघून जात. दर्शनी खोलीतल्या पाटीवर त्यांचं नाव होतं. यंदा तपासणीला आलेल्या लोकांनी माहितीच्या सुरक्षेची तपासणी बाहेरच्या जाणकाराकडून करून घ्या असं बजावलं, तेव्हा नव्यानं आलेल्या संचालिकांनी सरळ तिला फोन केला. संस्थेत बाबांना सगळे काका म्हणत; काकांची मुलगी हेच काम करते, एवढंच त्यांना माहीत होतं.

“तू त्या फंदात पडू नकोस,” बाबा म्हणाले होते. “मी बघतो काय ते.”

एरवी तिनं नकारच दिला असता. त्या इमारतीच्या रस्त्यानं जाणंही ती टाळायची. पण बाबा एकदाच ‘नको’ म्हणून थांबले नाहीत. तीन-चारदा म्हणाले. तेव्हा तिनं होकार कळवून टाकला.

आता ती यादीवरून खाली खाली येत होती. सगळी नावं बाबांच्या पद्धतीची, नेटकी, क्रमांक घातलेली. अगदी तळाशी फिकट अक्षरांत एक नाव होतं. ‘तात्पुरती यादी’.

“हे काय आहे?” संचालिकांनी विचारलं.

“कुणीतरी करून ठेवलेला शोध आहे. पुन्हा पुन्हा तीच माहिती बघायची असली की असा साठवून ठेवतात.” तिनं त्यावर बाण नेला. “मुद्दाम लपवलाय. आणि मागच्याच महिन्यात त्यात बदल केल्याची तारीख दिसतेय.”

कोपऱ्यात टायपिस्ट पाकिटांवर पत्ते चिकटवत होती, तिचा हात तसाच राहिला. हा संगणक तिचा. आठवडाभर त्याच्यासमोर तीच बसे.

“मॅडम, मी त्या तीन बटणांच्या पलीकडे कधी गेलेली नाही,” ती म्हणाली.

“या मशीनवर दुसरं कोण बसतं?”

“पण मी कशाला...”

“एखाद्या घराचा पत्ता बाहेर गेला असेल, तर त्याची जबाबदारी कुणाची? उद्या कुणी त्या दारात जाऊन उभं राहिलं म्हणजे?” संचालिकांचा आवाज चढला नव्हता, पण त्यातला ओलावा गेला होता. “तुम्ही आजपुरत्या घरी जा. मी समितीशी बोलते.”

टायपिस्टनं डिंकाची बोटं पदराला पुसली. मग ती बाबांकडे वळली.

“काका, तुम्ही तरी सांगा ना. तुम्हीच शिकवलंय मला सगळं.”

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी.

“थांबा,” ती म्हणाली. “शोध न चालवता आतली अट बघता येते. माहिती दिसत नाही, काय शोधलंय तेवढं कळतं.”

तिनं ते उघडलं. अट एकच होती. मुलाची जन्मतारीख. पुढे एक दिवस, एक महिना, एक वर्ष.

तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

ती तारीख तिला वाचावी लागली नाही. एकोणिसाव्या वर्षी परगावच्या दवाखान्यात त्या तारखेला ती बाळंत झाली होती. मावशीकडे शिकायला गेलीय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मुलगी अंगावर देण्याआधीच उचलून नेली होती. या संस्थेच्या कागदावर सही करताना तिचं मनगट बाबांनी धरलं होतं. त्यानंतर दोनदा तिनं विचारलं, ती कशी आहे, कुठे आहे. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, ते सगळं बंद असतं, कुणालाच बघता येत नाही, आम्हालासुद्धा नाही. मग तिनं विचारणं सोडलं. बाबा संस्थेत जाऊ लागले तेव्हा तिला वाटलं होतं, बोलून दाखवत नाहीत, पण जाच होत असेल त्यांनाही.

“काय अट आहे?” संचालिका विचारत होत्या.

“बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही सांगता, का मी सांगू?”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“घरी बोलू.”

टायपिस्टनं पर्स उचलली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे नेली.

“यांचा यात काही संबंध नाही,” टायपिस्टकडे बोट दाखवून ती संचालिकांना म्हणाली. “ही यादी माझ्या वडिलांनी केलीय. यात एकाच मुलीची माहिती आहे. ती मुलगी माझी आहे.”

संचालिकांनी हातानं चाचपून खुर्ची ओढली आणि बसल्या.

“काका?”

“मी कुणाचं वाकडं केलं नाही,” बाबा म्हणाले. “कुणाच्या दारात गेलो नाही. गुरुवारी यायचो, बघायचो, बंद करायचो. वर्षाचा अहवाल येतो, फोटो येतो. पोर गुणी आहे, चित्रं काय सुंदर...”

“पुढे नका बोलू, बाबा.”

संचालिका पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत राहिल्या.

“तुम्ही उघडून बघितलंत?” त्यांनी तिला विचारलं.

“नाही. फक्त अट बघितली.”

“आत्ताचं नाही विचारत. सकाळपासून या मशीनवर एकट्याच बसला होतात तुम्ही. मी मीटिंगमध्ये होते.”

“नाही बघितलं.”

“त्याची नोंद असेल ना कुठे?”

“नसते.” ती म्हणाली. “कोण आलं, काय बघितलं, काहीच राहत नाही या फाइलमध्ये. अहवालात लिहिलंय मी तसं.”

“मग मी काय समजायचं?”

इतक्या वर्षांत कितीतरी कचेऱ्यांमध्ये तिनं हाच प्रश्न समोरच्याला विचारला होता, आणि समोरचा ‘आमची माणसं तशी नाहीत हो’ असं म्हणाला, की ती मान हलवून कागदावर फुली मारायची.

“तुम्ही हे काम घ्यायलाच नको होतं,” संचालिका म्हणाल्या.

“हो.”

“जरा बाजूला होता का?”

ती उठली. संचालिकांनी टायपिस्टला खूण केली. टायपिस्ट पर्स खांद्याला तशीच ठेवून येऊन बसली आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे संगणक बंद करू लागली. काकांच्या लेकीकडे तिनं पाहिलं नाही, आभारही मानले नाहीत. काकांकडे तर पाठच केली.

रस्त्यानं बाबा तिच्या दोन पावलं मागून चालत होते. वळणावर त्यांनी तिला गाठलं.

“तुला सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस का?” ते म्हणाले. “डोळ्यांआड होतं म्हणून शिकलीस. नाव काढलंस.”

“तुमच्या डोळ्यांआड नव्हतं.”

“कुणीतरी लक्ष ठेवायला नको का?”

ती थांबली. मागून येणाऱ्या बाईची ढकलगाडी तिच्या टाचेला लागली. बाई माफी मागून पुढे गेली.

“त्या टायपिस्टला घरी पाठवत होत्या, बाबा. तुम्ही चष्मा पुसत होतात.”

बाबांनी उजव्या हातातली पिशवी डाव्या हातात घेतली. घर येईपर्यंत ते मागेच चालले. जिन्यावर मात्र ते भराभर चढून तिच्या पुढे झाले.

ती आज संस्थेत येणार होती, हे त्यांनी आईला सांगितलेलं नव्हतं. पावलं ऐकूनच आईनं दार उघडलं. ओले हात पुसत ती उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर एक उतावळं, लहान मुलीसारखं हसू होतं. लेकीनं ते या घरात कधी पाहिलं नव्हतं.

“आला का हो यंदाचा फोटो?” आईनं हळू आवाजात विचारलं, आणि मग बाबांच्या खांद्यामागे उभी असलेली लेक तिला दिसली.

बाबा पिशवी धरून मधेच उभे होते. लेकीनं वाकून सावकाश चपलांचे बंद सोडले, चपला भिंतीकडेला लावल्या.

“नाही,” ती म्हणाली. “आता यायचा नाही.”