मी, होडीची गाडी, थांबायला शिकले

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे; पण माझ्यात बसून कुणी कुठं जात नाही. मला इंजिन नाही, छप्पर नाही, बसायला जागा नाही. दोन चाकं, त्यांच्यामधला जाड लोखंडी आस, त्यावर सागवानी चौकट आणि पुढं एक लांब दांडा, एवढंच माझं शरीर. कारखान्यात तयार झालेली होडी मी पाठीवर घेते आणि समुद्रापर्यंत पोचवते. कागदोपत्री मला ट्रेलर म्हणतात. आमच्या रे रोडच्या कारखान्यात मात्र सगळे मला होडीची गाडीच म्हणत आले.

मला घडवलं नाना मेस्त्रींनी. ते मालवणकडचे सुतार. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या मोडीत निघाल्या, त्यातला एक आस त्यांनी भंगाराच्या ढिगातून स्वतः निवडला. चौकटीचं लाकूड त्यांनी होडीच्या लाकडाइतक्याच मायेनं तासलं. होडीचं पोट घासू नये म्हणून माझ्या पाठीवर काथ्याच्या गाद्या बांधल्या. काम संपल्यावर पाठीवर थाप मारून ते म्हणाले होते, "आता जा गो बाय, कामाक लाग."

पहिली दहा-अकरा वर्षं मला बैल ओढायचे. बैलांच्या चालीनं निघालं की रे रोडहून प्रभादेवीच्या किनाऱ्यावर पोचायला अर्धा दिवस जायचा. वाटेत रुळांवरचा पूल लागायचा. उतार आला की दोघंतिघं मागून दोर ताणून धरायचे आणि नाना लाकडाचा ठोकळा घेऊन माझ्या चाकाशेजारून चालायचे. बैल थांबले की ठोकळा चाकाखाली. एवढ्या वर्षांत एका होडीला ओरखडा आला नाही. "नानांची गाडी दगा देत नाही," असं किनाऱ्यावरचे मच्छीमार म्हणायचे, आणि ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा.

सत्तावन्न साली आमच्या मालकांनी, रघुवीरशेठनी, लष्कराची एक जुनी जीप घेतली. बैल गेले. जीप चालवायला रामजी आला. नायगावच्या चाळीत राहणारा, तिशीतला, बोलायला कमी असा माणूस. आदल्याच वर्षी त्यानं बायको बकुळासह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पहिल्या दिवशी त्यानं जीप तपासली, मग गुडघ्यांवर बसून माझ्या चाकांच्या आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हिचे ब्रेक कुठं आहेत?"

सगळे हसले. नानाही हसले. रघुवीरशेठ म्हणाले की थांबवायचं काम जीपचं. जीप थांबली की मागची गाडी कुठं जाणार? रामजीनं समजावून सांगितलं की होडी आणि गाडी मिळून जीपपेक्षा जड होतात, आणि आता वेग बैलाचा राहिलेला नाही. शेठ म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. पुढच्या दोन महिन्यांत रामजीनं आणखी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा हेच उत्तर मिळालं.

मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मलाही त्याचा राग आला होता. मी कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. ओढतील तिकडं जाणं हाच माझा स्वभाव, असं मी समजत होते.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा. कोणता रस्ता केव्हा बंद होईल याचा नेम नसे. अशाच एका सकाळी बावीस फुटी होडी पाठीवर घेऊन मी निघाले. रामजी जीप चालवत होता. नाना सवयीप्रमाणे जीपच्या मागच्या बाजूला, माझ्याकडं तोंड करून, ठोकळा मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही रुळांवरचा तो एल्फिन्स्टनचा पूल चढलो आणि पलीकडं उतरू लागलो. पुलाच्या पायथ्याशी गल्लीतून एक मोर्चा बाहेर पडत होता. बायका पुढं होत्या, काहींच्या कडेवर मुलं होती.

रामजीनं ब्रेक दाबला. जीप मंदावली.

मी मंदावले नाही.

ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या पाठीवरची होडी मला पुढं लोटत होती, मी जीपला लोटत होते, आणि जीपची चाकं घट्ट आवळलेली असूनही रस्त्यावरून घसरत चालली होती. मला थांबायचं होतं. माझ्या अंगात थांबण्यासाठी काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी गुणी होते ती फक्त बैलांमुळं आणि दोर धरणाऱ्या माणसांमुळं, हे मला त्या उतारावर, त्या एका क्षणात कळलं.

नानांनी ते समोरून पाहिलं. साठीतला माणूस, पण ठोकळा घेऊन त्यांनी खाली उडी मारली. त्यांनी तो चाकाखाली घातला, आणि चाकानं तो काडीसारखा उडवून दिला. त्याच क्षणी रामजीनं जीप डावीकडं वळवून पुलाच्या कठड्यावर घातली. मोर्चा वाचला. मी मात्र आडवी फिरले आणि माझं उजवं चाक नानांच्या पायावर चढून थांबलं.

ज्या हातांनी मला घडवलं ते हात माझ्या चाकाला धरून होते.

घोषणा बंद झाल्या. मग मोर्चातल्या लोकांनी झेंडे कठड्याला टेकवले आणि तीस-चाळीस जणांनी मला होडीसकट उचललं. नाना ओरडले नाहीत. ते माझ्याकडं पाहत होते, ओळखीच्या माणसानं तोंडात मारल्यावर त्याच्याकडं पाहावं तसे.

त्यांना परळच्या इस्पितळात नेलं. मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात आणलं. मला वाटलं होतं, आता मला तोडतील. पण मला कुणी बोललंच नाही. सगळा दोष रामजीवर आला. रघुवीरशेठनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यानं उतारावर जीप पळवली, आणि त्याला कामावरून काढलं. तीनदा मागितलेल्या ब्रेकचं नावही त्यांनी काढलं नाही. ज्यांनी ते बोलणं कानांनी ऐकलं होतं ते सुतारही खाली मान घालून रंधा मारत राहिले. एकजण तर हलक्या आवाजात म्हणाला, "या लोकांच्या हातात गाडी द्यायचीच कशाला?" पुलावरच्या धक्क्यानंतर मला वाटलं होतं की याहून वाईट काही ऐकायचं उरलं नसेल. पण उरलं होतं.

पाचव्या दिवशी जीप दुरुस्त झाली. नवा ड्रायव्हर आला. तीच होडी पुन्हा माझ्या पाठीवर चढवली आणि दोर आवळले. तेवढ्यात रामजी फाटकातून आत आला. त्यानं एकदा माझ्या चाकांकडं पाहिलं आणि सरळ माझ्या दांड्यावर येऊन बसला.

शेठ संतापले. इथं तमाशा करून नोकरी परत मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं.

"नोकरीसाठी बसलो नाही, शेठ," रामजी म्हणाला. "हिला ब्रेक लावा, मी उठून जातो. तोवर ही इथून हलणार नाही."

त्या दिवसांत सारी मुंबईच कुठं ना कुठं ठाण मांडून बसलेली असायची, पण माझ्यासारख्या गाडीसाठी कुणी बसल्याचं मी ऐकलं नव्हतं. ऊन चढलं. नव्या ड्रायव्हरनं दोनदा जीप चालू केली आणि बंद केली. शेठ पोलिसांना बोलावण्याची भाषा करू लागले. रामजीच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती, पण तो उठला नाही.

दुपारी नानांची मुलगी दुर्गा इस्पितळातून थेट तिथं आली. तिच्या हातात रिकामा डबा होता आणि डोळे सुजलेले होते. तिला पाहून सुतारांनी हत्यारं खाली ठेवली. आता ही रामजीला काय काय बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. रामजीही उभा राहिला. त्यानं ऐकून घ्यायची तयारीच केली होती.

दुर्गानं आधी सांगितलं की सकाळी डॉक्टरांनी बाबांचा पाय गुडघ्याखाली काढला. मग ती शेठकडं वळली.

"बाबा शुद्धीवर आल्यापासून दोनच गोष्टी बोलतायत. एक, रामजीला लागलं नाही ना? आणि दुसरी, तो ब्रेक मागत होता आणि आपण त्याला हसलो." तिनं डबा खाली ठेवला. "शेठ, त्यानं किती वेळा मागितले होते?"

रघुवीरशेठ आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून बसले. बऱ्याच वेळानं आतून निरोप आला, होडी उतरवा आणि गाडीला ब्रेक लावा.

ब्रेक बसवायचं काम रामजीनंच केलं, आणि त्याला मदत केली त्याच्या मेहुण्यानं, भिवानं. भिवा गिरणीत फिटर होता. पाळी संपली की तो तडक आमच्याकडं यायचा. एका मेलेल्या लॉरीची चाकं त्यांनी ब्रेकच्या ड्रमसकट आणली आणि मला बसवली. माझ्या दांड्याच्या टोकाला एक सरकती नळी लावली. ती युक्ती मला फार आवडली. जीप मंदावली की मी सवयीनं तिच्यावर रेलणार. रेलले की ती नळी मागं सरकून एका तरफेला ढकलणार. तरफ लांब कांब ओढणार आणि ड्रममधले पट्टे माझी चाकं आवळून धरणार. म्हणजे मी जितक्या जोरानं पुढं लोटेन तितक्याच जोरानं मीच मला थांबवणार. मला मागं घ्यायचं असेल तेव्हा नळी सरकू नये म्हणून एक खीळ घालायची, नाहीतर ब्रेक तेव्हाही लागणार. हे सगळं जुळवायला आठ दिवस लागले. माझी चौकट नानांनी केलेली, म्हणून तिला एकही जास्तीचं भोक पाडायचं नाही, असं रामजीनं भिवाला बजावलं होतं.

रविवारी सकाळी माझ्यावर होडीच्या वजनाइतकी वाळूची पोती चढवली आणि आम्ही त्याच पुलावर गेलो. चढ संपल्यावर रामजीनं जीप थांबवली.

"शेठ, तुम्ही मागं बसा. नानांच्या जागी."

रघुवीरशेठचा चेहरा उतरला. पण ते मागं जाऊन बसले, माझ्याकडं तोंड करून. उतार सुरू झाला. कठड्यावरचा जीपचा ओरखडा जवळ येऊ लागला. मला खात्री नव्हती, मित्रांनो. ज्यानं एकदा असं काही केलंय त्याला स्वतःची खात्री कशी वाटावी?

रामजीनं ब्रेक दाबला. मी जीपवर रेलले. नळी सरकली, कांब ताणली गेली, आणि पहिल्यांदाच कुणीतरी आतून माझी चाकं धरली. मी थांबले. भर उतारावर, एवढं ओझं पाठीवर घेऊन मी उभी राहिले.

शेठ खाली उतरले. भिवा आणि दोन सुतार पुलाच्या खाली थांबले होते, ते धावत वर आले. त्यांच्यासमोर शेठ म्हणाले, "त्या दिवशी चूक माझी होती. मी ती रामजीवर ढकलली."

रामजीनं हात पुसले. "हे नानांना सांगा," एवढंच तो म्हणाला. आणि आम्ही तसेच, वाळूच्या पोत्यांसकट, इस्पितळाच्या दारात गेलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रामजी कामावर आला. पण शेठशी तो पुढं कामापुरतंच बोलायचा.

तीन महिन्यांनी नाना परतले. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी आपला पाय स्वतःच तासला होता. ते काठी टेकत माझ्याजवळ आले. मला त्यांच्याकडं पाहवेना. त्यांनी सरकती नळी हलवून बघितली, कांब हातानं चाचपली आणि चाकाला धरून उभे राहिले.

"चांगला काम केलंस, रामजी," ते म्हणाले. "माका आधी सुचाक होया होता."

मग त्यांनी बादली मागवली. होडी सोडताना माझी चाकं समुद्रात जातात, आणि लोखंडाक खारा पाणी सोसत नाय, असं म्हणून त्यांनी दोन्ही ड्रम गोड्या पाण्यानं धुतले. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीनंतर स्टुलावर बसून, लाकडी पाय पुढं पसरून, ते मला धुवायचे, पुसायचे, कांबेला ग्रीस लावायचे. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा सगळा कारखाना मिरवणूक पाहायला गेला होता; नाना मला धुऊन मगच निघाले.

आता नाना नाहीत. रामजीला दुसरीकडं पक्की नोकरी लागली. मी कारखान्याच्या कोपऱ्यात उभी असते, आणि माझे ड्रम कित्येक महिन्यांत कुणी धुतलेले नाहीत. आत मीठ साठलंय. कांब गंजून जागच्या जागी धरली आहे; ती आता ब्रेक ओढू शकत नाही. परवा दोन अनोळखी माणसं आली. त्यांनी माझ्या चाकांना लाथ मारून पाहिली, थोडं ओढून पाहिलं आणि म्हणाली, "धावतेय की. सोमवारी नेऊ."

त्यांनी धावणं पाहिलं, मित्रांनो. थांबणं पाहिलं नाही. मला बोलता येत नाही, तुम्हांला येतं. सोमवारच्या आत कुणीतरी इथं या आणि त्या माणसांना एवढंच सांगा, की हिला पुलावर नेण्याआधी वाकून हिच्या चाकांच्या आत बघा.