मोडलेल्या काचेकडे बघायचं नाही

"टाक ते. बघत काय बसलीस? टाक आधी."

भावजयीने हातातले दोन तुकडे पिंपात टाकले. पिंप खळकन बोललं. त्या दुकानात तिच्याशी न भांडता बोलणारं तेवढंच एक होतं.

"मोडलेल्या काचेकडे बघायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं तुला? बघितलं की हातात भीती शिरते. बाबा सांगून गेलेत." नणंद स्टुलावर बसली होती, उजवा हात मांडीवर उपडा ठेवून. "पण तुला काय त्याचं? तुझ्या हातात भीतीला शिरायलाही फट नाही. नुसता ठोकळा."

"ठोकळाही तासता येतो, वन्सं."

"तासून तासून उरतं काय? भुसा."

दुकान काचेचं. पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल. टेबल दारापेक्षा रुंद, वर लोकरी कापड ताणलेलं, कडा वर्षानुवर्षांच्या पोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या. वडील होते तोवर त्या टेबलाशी वडील उभे राहिले. मग नणंद उभी राहिली. काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवायची, पट्टी दाबून धरायची आणि एका दमात रेघ ओढायची. एकदाच. रेघेवर दुसरी रेघ नाही. नणंदेची रेघ ओढताना काच कुजबुजायची, जशी शेजारीण शेजारणीच्या कानाला लागते तशी. मग टेबलाच्या कडेवर एक टक, आणि काच दोन. लोक नुसतं ते बघायला दारात थांबायचे.

आता नणंदेचा अंगठा मिटत नव्हता. हिरकणी धरायला अंगठा लागतो. अंगठा गेला आणि घरातला हात गेला, कारण घरात दुसरा हातच नव्हता. नणंदेचा धाकटा भाऊ, भावजयीचा नवरा, खिडक्यांना काचा बसवायचा, पण कापायचा नाही. तो लहान असतानाच वडिलांनी त्याचा पंजा उलटसुलट करून सांगितलं होतं, "हा ठोकायचा हात आहे, कापायचा नाही." त्यानंतर त्याने हिरकणीला हात लावला नाही. त्या घरात हात उपजत असायचा, डोळ्यांच्या रंगासारखा. असला तर असला, नसला तर रडून उपयोग नाही.

म्हणून ठरलं होतं की टेबल काढायचं. गोडाऊनवाला तयार कापलेल्या काचा उभ्या ठेवायचे घोडे तिथे लावणार होता. माप सांगायचं, काच उचलायची, संपलं.

भावजयीला ते नको होतं. का नको, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. लग्न होऊन आल्यापासून ती काउंटरवर उभी होती, पाठीमागे ती कुजबुज ऐकत. माणसाच्या कानात एखादं गाणं बसतं आणि ओठांना येत नाही, तसं तिचं झालं होतं. ते तिला ओठांवर हवं होतं. नणंदेचा अंगठा बसला तशी ती टेबलाशी गेली. नणंदेने अडवलं नाही, शिकवलंही नाही. स्टूल ओढलं आणि बोलायला लागली.

"खांदा बघ खांदा. ओझं वाहतेयस का काच कापतेयस?"

"किंचाळली! ऐकलं ना? काचसुद्धा ओरडते तुझ्या हाताखाली."

"माझ्या बापाच्या टेबलावर हे बघायचं होतं म्हणून जगले बहुतेक."

भाऊ मध्ये पडायचा नाही. शिडी खांद्यावर घेऊन जाताना बायकोला हळूच म्हणायचा, "सोड ना. नसतं एकेकात."

"तुमच्यात होतं की नव्हतं, बघितलंत कधी?" ती विचारायची. तो शिडी नीट करायचा आणि जायचा.

दुपारी नणंद जेवून पडायची. तेवढा वेळ भावजयीचा. ती जाड हातमोजे घालायची आणि पिंपात हात घालायची. मोडलेल्या काचा एकेक करून काढायची, टेबलावर जोडून ठेवायची आणि बघायची. जे बघायचं नाही ते बघायची. उजेडाकडे कड धरली की कड सगळं सांगायची. इथे फार दाबलंस, म्हणून बारीक दात पडले. इथे हिरकणी उचलली गेली, म्हणून रेघच नाही, म्हणून काच वाट फुटेल तिकडे गेली. आणि जवळजवळ प्रत्येक काच मधोमधच वाकडी गेलेली. असं का? तिने रिकामा हात ओढून बघितला. मध्यावर येताना ती श्वास घेत होती. श्वासाबरोबर खांदा वर जात होता.

मग ती हाताने ओढायचं सोडून पायाने ओढायला शिकली. हात तसाच ठेवायचा, अख्खं अंग मागे सरकवायचं. काच किंचाळायची थांबली. नंतर एका दुपारी, अगदी अर्धीच रेघ, ती कुजबुजली.

नणंदेला हे कळलं. कळल्यावर तिचं तोंड आणखी सुटलं.

"सरळ रेघ येतेय म्हणून उडू नकोस. सरळ तर गाढवही चालतं."

त्याच आठवड्यात घड्याळजी आला. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची काच फुटली होती, गोल हवी होती. दर वेळी तो यायचा, विचारायचा, आणि काउंटरवरून उत्तर जायचं: गोल आमच्याकडे होत नाही. या वेळी भावजय म्हणाली, "माप ठेवून जा. शुक्रवारी या."

घड्याळजी गेला आणि मागचं स्टूल धाडकन आडवं पडलं.

"कुणाला विचारलंस? गोल! या दुकानात गोल फक्त बाबांनी कापलंय. मी नाही कापलं, आणि तू कापणार? काल आलेली?"

"तुम्ही का नाही कापलंत?"

नणंदेचा चेहरा असा झाला की जणू कुणी कानाखाली वाजवली. मग ती शांतपणे बोलली, आणि तिची शांतता तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होती.

"शुक्रवारी गोडाऊनवाल्याची माणसं टेबल न्यायला येणार आहेत. त्याच्या आत गोल काप. कापलंस तर टेबल इथेच राहील, मी शब्द देते. नाही कापलंस तर टेबलाबरोबर तुझा हा पोरखेळही उचलला जाईल. पुन्हा हिरकणी हातात दिसली तर हात बांधून ठेवीन. कबूल?"

"कबूल."

"बाळ्या, ऐकलंस ना? साक्षीदार तू."

भाऊ दारात शिडी घेऊन उभा होता. त्याला कुठेच साक्षीदार व्हायचं नव्हतं.

माळ्यावर वडिलांचा गोल काच कापायचा परकार होता. मध्ये रबरी वाटी, ती काचेला चिकटवायची. तिच्यातून निघालेल्या दांडीच्या टोकाला हिरकणी. दांडी फिरवायची, गोल रेघ उमटते. मग त्या गोलापासून काठाकडे सूर्याच्या किरणांसारख्या रेघा मारायच्या, खालून हलके टिचकवायचं, आणि बाहेरचे तुकडे पाकळ्यांसारखे गळून पडतात. गळायला हवेत. भावजयीच्या हाताखाली पाकळ्या गळेनात. तडा आत घुसायचा आणि गोलाचे दोन भाग करायचा. एक काच गेली, दुसरी गेली. दुपारी ती तुकडे मांडून बसायची, पण तडा कुठून निघतो ते काही केल्या कळेना, कारण टिचकवून टिचकवून कडेचा चुरा झालेला असायचा.

नणंद मोजून मापून हसायची. "काय म्हणतोय तुझा पौर्णिमेचा चंद्र? आजही ग्रहणच ना?"

शुक्रवारी सकाळीच माणसं आली. दोघे जण, दोर घेऊन. घड्याळजीच्या मापाची शेवटची काच टेबलावर होती.

"थांबा थोडं," भावजय म्हणाली.

"थांबा, थांबा," नणंद म्हणाली, "तमाशा बघून जा."

भावजयीने वाटी चिकटवली. हिरकणी बुडवली. दांडी फिरवताना ती स्वतः टेबलाभोवती फिरली, सावलीसारखी, पाय न आपटता. काच कुजबुजली. पूर्ण फेरा कुजबुजली. दारातले दोघेही मान पुढे काढून ऐकत राहिले. तिने किरण मारले. या वेळी घाई केली नाही, खालून एकदाच, अगदी हलकं टिचकवलं.

तड.

एक बारीक तडा गोल रेघेवरून निघाला आणि गोलाच्या पोटातून आरपार गेला.

मग नणंद बोलली. "झालं. उचला रे टेबल."

माणसं पुढे आली. भावाने बायकोच्या खांद्याला हात लावला, तिने तो झटकला. तिने तुकडे पिंपात टाकले नाहीत. काच तशीच दोन्ही तळव्यांवर उचलली, खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून बघत उभी राहिली.

"टाक ते!" नणंद किंचाळली. "हरलीस ना? टाक!"

"बघू द्या. या वेळी चुरा झाला नाहीये. दिसतंय."

"काय दिसतंय? काही दिसत नसतं! मोडलेलं बघायचं नसतं!"

ती तावातावाने उठली, तुकडा हिसकावून घ्यायला आली. तुकडा भावजयीने सोडला नाही. दोघींच्या मध्ये काच, काचेत खिडकीचा सगळा उजेड, आणि नणंदेची नजर नको असताना त्या तड्यावर पडली. तडा जिथून निघाला होता तिथे. तिचा हात होता तिथेच थांबला.

"इथूनच," ती म्हणाली. मग काहीतरी चावल्यासारखी म्हणाली, "माझीपण इथूनच गेली होती."

"तुमची?"

"अकरा-बारा वर्षांची असेन. बाबा बाहेर गेले होते, मी परकार काढला. फेरा इतका सुरेख आला गं. आणि अशीच गेली, अश्शीच. मी बघत होते. कुठून गेली ते बघतच होते, तेवढ्यात बाबा आले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाले, तुझा हात सरळ आहे, गोल तुझ्यात नाही." ती थांबली. "बोटं टोचली होती हनुवटीला."

भाऊ जमिनीकडे बघत होता. दोर घेतलेला माणूस दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "उचलायचं की नाही?"

"थोडा वेळ मिळाला असता तर काय दिसलं असतं तुम्हाला?" भावजयीने विचारलं.

"डोकं खाऊ नकोस माझं!" नणंद ओरडली. पण तिने तुकडा खिडकीकडे वळवला, डोळे बारीक केले. नखाने गोल रेघेवर शोधत गेली. नख एका ठिकाणी अडलं. मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा तिथेच अडलं. "ए, इकडे ये. अगं इकडे ये ना, मेली! हे बघ. जिथून सुरू केलंस तिथे परत आल्यावर थांबली नाहीस. पुढे गेलीस. केसभर. रेघेवर रेघ चढली."

भावजयीने नख लावून बघितलं. होतं. केसभरच होतं.

"म्हणजे फेरा पूर्ण करायचा नाही," ती सावकाश म्हणाली. "भेटायच्या जराशी आधीच..."

"हिरकणी उचलायची. बाकीचं अंतर काच स्वतः चालते. अक्कल गहाण टाकली होतीस का इतके दिवस?"

"आणि तुम्ही? तुम्ही तर किती वर्षं!"

असलं उत्तर त्या घरात आजवर कुणी दिलं नव्हतं. भावाने डोळे मिटून घेतले. नणंद गर्रकन वळली आणि कोपऱ्यात उरलेली एक मोठ्या मापाची काच उचलायला गेली. अंगठ्याने धरवेना. भावजय धावली.

"हात लावू नकोस! बरं, लाव. ती बाजू धर."

दोघींनी काच टेबलावर ठेवली. नणंदेने रबरी वाटीवर आपला उपडा तळवा दाबून धरला, अंगठा बाहेर काठीसारखा ताठ. "फिर. मी सांगेन तेव्हा उचल. माझं ऐकायचं, स्वतःचं शहाणपण नाही."

"सांगाल ना वेळेवर? की मोडायची वाट बघाल?"

"फिर गं!"

ती फिरली. काच कुजबुजली. दारातले दोघे कापडी दोर छातीशी धरून उभे. भेटीची जागा जवळ आली, आणखी जवळ आली, आणि नणंद ओरडली, "उचल!" हिरकणी उचलली. किरण मारले. टिचकी.

पाकळ्या गळल्या. एक, मग दुसरी, मग बाकीच्या. शेवटची पाकळी मात्र हट्टी. ती सुटताना तिने कडेचा बोटभर लचका तोडून नेला. काच आरपार गेली नाही. गोल उरला, पण एका जागी चावलेला.

माणसांपैकी एकजण म्हणाला, "बाई, गोल तर झाला नाही. उचलू ना आता?"

नणंदेने कडेच्या लचक्यावरून बोट फिरवलं. किती तरी वेळ फिरवत राहिली.

"ही वेगळ्या जागी गेली," ती म्हणाली.

"खालून जास्त जोरात वाजवलं मी," भावजय म्हणाली. "शेवटच्या पाकळीला."

"जास्त? बडवलंस! दारावरची कडी आहे का ती?" मग तिने मान वळवली. "तुम्ही अजून इथेच? जा. टेबल जाणार नाही."

"पण ताई, तू शब्द..." भाऊ पुढे आला.

"शब्द माझा होता, मोडला मी. तू शिडी ठेव खाली आणि मागच्या गल्लीतल्या घड्याळजीला सांगून ये, उद्या ये म्हणावं. नाहीतर परवा. आणि येताना काच आण, भरपूर. आणि बाळ्या," ती एकदम थांबली, त्याच्या पंज्याकडे बघत. "हात धुऊन ये. बघू दे मला तो ठोकायचा हात."

भाऊ गेला नाही लगेच. दारात उभा राहून आपल्याच तळहाताकडे बघत राहिला. माणसं दोर गुंडाळत बाहेर पडली.

भावजय लचका तोडलेला गोल हातात धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"रडायचं असेल तर काउंटरवर जाऊन रड," नणंद म्हणाली. "इथे ओल आली की हिरकणी घसरते."