दुसरी बैठक

"मामा, मान हलली तुमची," मागच्या रांगेतल्या कॅनव्हासाआडून कुणीतरी म्हणालं.

आण्णासाहेबांनी मान पुन्हा खिडकीकडे वळवली. खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरत होता. फोन थोरल्या भावाचा, रणधीरचा, हे न बघताच कळत होतं. भूमला नदीकाठी आज आईचा दहावा होता. न्हावी येऊन बसला होता. आणि आईला पाणी द्यायचं ते धाकट्या मुलाने. तो धाकटा मात्र इथे धाराशिवात, कला महाविद्यालयात, स्टुलावर गप्प बसून होता.

बावीस वर्षं ते इथे शिपाई होते. शेवटच्या वर्षाच्या व्यक्तिचित्राच्या पेपरला दरवर्षी मॉडेल म्हणून तेच बसत, कारण त्यांची गालावर चढलेली मिशी. वडील गेले तेव्हा क्षौर थोरल्याने केलं आणि ही मिशी वाचली. अठराव्या वर्षापासून तिला वस्तरा लागला नव्हता.

पेपर दोन बैठकांचा. पहिली बैठक झाली त्याच संध्याकाळी आई गेली. निवडणुकीमुळे विद्यापीठाने दुसरी बैठक पुढे ढकलली आणि नेमकी दहाव्यावर आणून ठेवली. चौदा कॅनव्हासांवर चौदा अर्धे आण्णासाहेब उभे होते. मिशी उतरवून आले असते तर चौदा जणांचं वर्ष बुडालं असतं. म्हणून "साडेदहाला सुटतो, बाराच्या आत येतो" असं भावाला सांगून ते आले होते. पण परीक्षकच उशिरा आले. आता साडेबाराशिवाय सुटका नव्हती.

डोळ्यातून एक थेंब ओघळला आणि मिशीत शिरला. पुढ्यात बसलेल्या शिवकन्याने ब्रश थांबवला. गेल्या वर्षी ती याच पेपरात नापास झाली होती.

"मामा, दहावा आजच हाय का?"

"तू रंगव," ते ओठ न हलवता म्हणाले.

"कितीला?"

"बाराच्या आत."

ती उभी राहिली. "मिशी आधी घ्या रे सगळे. बाकीचे मामा आपल्याला पाठ हायत."

"खाली बसा," परीक्षक ओरडले. "पुन्हा बोललात तर पेपर काढून घेईन."

"घ्या सर. पण यांना साडेधाला सोडा."

सगळे ब्रश एकदम घाईला आले. साडेदहाला परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मॉडेलला पाणी प्यायला जायचं असेल तर जाऊ द्या," ते कागदात डोकं घालून म्हणाले. "किती वेळात परत यायचं ते नियमात लिहिलेलं नाही."

त्यांची भाड्याची जीप पावणेबाराला भूमच्या नदीवर पोचली.

"आलास व्हय? आई ताटकळली तिकडं!" रणधीरचे डोळे लाल झाले होते.

न्हाव्याने आधी डोकं भादरलं, मग ओठावर पाणी लावलं. वस्तरा दोनदा फिरला आणि मिशी वाळूत पडली. त्याने आरसा पुढे धरला.

वरचा ओठ मध्ये किंचित दुमडलेला, डावीकडे जरासा खाली ओढलेला. ते तोंड आईचं होतं, अगदी तिचं. इतकी वर्षं ते तिथेच होतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं. महिन्याभरात मिशी येईल आणि ते पुन्हा झाकलं जाईल.

"चल की, भटजी खोळंबलेत," रणधीर म्हणाला.

न्हावी आरसा काढून घेऊ लागला. आण्णासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"हलवू नको. जरा बघू दे."