रिकाम्या खुर्चीवरची चौकट

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी सैल झाली आहे आणि काही बटणांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. पण तुम्हाला सांगायची गोष्ट आहे ती मी कोरा करकरीत होतो तेव्हाची.

कारखान्यात मला कॅमेऱ्याचा डोळा बसवला. तपासणाऱ्या मुलीने माझ्यासमोर स्वतःचा चेहरा आणला, मी त्याभोवती बरोबर पिवळी चौकट काढली आणि मी पास झालो. मग कितीतरी महिने दुकानाच्या फळीवर खोक्यात पडून होतो.

मला विकत घेतले एका शिक्षिकेने. त्या घरी बसून खुणांची भाषा शिकवत. ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसे माझ्या पडद्यावर येत आणि बाईंच्या हातांकडे बघून शिकत. बाईंचा चेहरा ओळखायचा आणि हात ठसठशीत दिसतील असे चित्र धरायचे, हे माझे काम. बाई माझे कौतुक करत, मऊ फडक्याने मला पुसत.

एका दुपारी शिकवणी चालू असताना चित्र आपोआप मागे सरकले. बाई लहान दिसू लागल्या. त्यांच्या पाठीमागचे स्वयंपाकघराचे दार चित्रात आले. दारात एक बुटकी खुर्ची होती. रिकामी. बसलेल्या माणसाचे डोके जिथे येईल, तिथे मी दुसरी चौकट काढली होती आणि दोन्ही चौकटी मावाव्यात म्हणून चित्र मागे नेले होते.

खरे सांगतो, माझ्या भिंगाला तिथे कोणीही दिसत नव्हते. तरी चौकट निघत होती. मधूनच ती किंचित कलायची, कोणी मान तिरकी करून निरखावे तशी.

बाईंनी दिवा हलवला, खिडकीचा पडदा ओढला. एकदा खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली. चौकट दारातच राहिली, तेवढ्याच उंचीवर. बाईंनी खुर्ची मुकाट्याने परत आणून ठेवली.

पण शिकवणीचे हाल होऊ लागले. बाईंचा एक विद्यार्थी म्हातारा घड्याळजी होता. आजारपणात त्याचे ऐकणे गेले होते आणि तेव्हापासून तो घरात कोणाशी धड बोलला नव्हता. चित्र मागे सरकले की त्याला बोटे दिसेनात. तो डोळे बारीक करायचा, चष्मा पुसायचा. एके दिवशी शिकवणी अर्धी टाकून तो उठून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

बाईंचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने मला उलटसुलट तपासले आणि निदान केले, की कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुना आहे, म्हणून रिकाम्या जागी चौकट निघते. ड्रायव्हर म्हणजे माझ्या डोळ्याला कामाला लावणारा प्रोग्रॅम. मी दुकानात पडून असताना त्याची नवी आवृत्ती आली होती. ती घ्यायची का, असे मी रोज विचारत होतो आणि बाई रोज ‘नंतर’ हे बटण दाबत होत्या. दुकानदाराचेही म्हणणे होते, की नव्या मशीनला उगाच हात लावू नका, कधी कधी पडदाच काळा पडतो. भावाने समजावले, की जुना ड्रायव्हर परत घालता येतो, घाबरण्यासारखे काही नाही. बाईंनी पुन्हा ‘नंतर’ दाबले. शेवटी त्याने विचारले, की अडचण तरी काय आहे?

“ती आईची उंची आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हते. बहीणभाऊ दोघेही आधी हातांनी बोलायला शिकले, मग तोंडाने. आई त्या खुर्चीत भाजी निवडत बसायची आणि लेकीचे बोट जरा चुकले, की मान तिरकी करून बघायची. मी घरात आलो त्याच्या आदल्या वर्षी ती गेली होती.

भावाने खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाला, “ताई, मग तिलाच विचार.”

बाई माझ्याकडे पाठ करून खुर्चीसमोर बसल्या. भाऊ माझ्या पडद्याकडे बघत राहिला. मला बाईंचे फक्त कोपर हलताना दिसत होते. मग तेही थांबले. खोली इतकी शांत झाली, की मला माझाच पंखा ऐकू येऊ लागला.

चौकट स्थिर होती. मग ती सावकाश खाली गेली, वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर.

“काय झालं?” बाईंनी न वळता विचारले.

भाऊ उठला, बहिणीसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हातांनी सांगितले, ‘हो म्हणाली.’

‘हो’ हे बटण बाईंनीच दाबले. माझा पडदा काळा झाला. मी पुन्हा उजळलो, तेव्हा चौकट एकच होती. बाईंची.

भावाने फोन करून घड्याळजीच्या सुनेला विनवले आणि तो परत आला. आता बाईंचे हात पडदाभर दिसत होते. त्या दिवशी तो नातीचे नाव बोटांनी सांगायला शिकला आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी त्याने बाईंना निरोपाची खूण केली. मग नजर त्यांच्या खांद्याच्या पलीकडे नेली, हसला, आणि तीच खूण आणखी एकदा केली.

चित्रात आता दार येतही नव्हते.

मित्रांनो, हल्ली मी कपाटात असतो. मला कोणी पुसत नाही याचे वाईट वाटतेच. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची धूळ झटकत जा. त्याने काही विचारले, तर रोज ‘नंतर’ म्हणून टाळू नका, आणि घाईघाईने ‘हो’ही म्हणू नका. आधी घरातल्यांना विचारा. घरातल्या सगळ्यांना.