विमानवाहू नौकेची लिफ्ट

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या ज्या कारखान्यात डंपरची ट्रॉली उचलणारे सिलिंडर बनत, तिथं एका परदेशी विमानवाहू नौकेची ऑर्डर आली, तेव्हा सुपरवायझर दत्ताजीराव मोहित्यांनी ती दोनदा वाचली. नौका लहान होती आणि तिचं नौदल त्याहून लहान. देशाचं नाव गुप्त ठेवायच्या कागदावर मालक हसितभाईंनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ते नाव बडोद्यात कोणाला उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे तसंही ते गुप्तच राहिलं असतं.

नौकेच्या पोटातून विमानं वर डेकवर आणणारी लिफ्ट बंद पडली होती. तिला दोन नवे सिलिंडर हवे होते. भार बारा टन.

दत्ताजीरावांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते. त्यानंतर घरात कोणी बंदूक धरली नव्हती; वडील रेल्वेत आणि स्वतः ते डंपरमध्ये. त्यामुळे पाणीगेटच्या घरी त्या संध्याकाळी गुप्ततेचा कागद जेमतेम जेवण होईपर्यंत टिकला.

“लढाऊ विमानं उचलणार आपले सिलिंडर,” ते बायकोला म्हणाले.

“गळणार नाहीत ना?” नलिनीताईंनी विचारलं.

“विमानं कशी गळतील?”

“सिलिंडर म्हणतेय मी. मागच्या वर्षी दोन डंपरवाले दारात येऊन बसले होते.”

दत्ताजीरावांनी मग चुलतभाऊ धनाजीरावांना फोन केला. रविवारपर्यंत शहरातल्या मांडवीत राहणाऱ्या नातेवाइकांत असं ठरून गेलं, की दत्ताजीराव परदेशाला विमानं पुरवतात.

सिलिंडरसाठी जाड पाइप आले, आतून घासून तयार झाले आणि सुधारित पत्र आलं. भार बारा टनांऐवजी नऊशे किलो.

“सारुं थयुं,” हसितभाई खूश झाले. “पातळा पाइप चालशे. आ जाडा डंपरमां वापरी नाखो.”

“पण नऊशे किलोचं विमान कसलं, शेठ?”

“खाली हशे.”

रिकामं विमानसुद्धा एवढं हलकं नसतं, हे दत्ताजीराव बोलले नाहीत. पण पाइप त्यांनी डंपरला दिले नाहीत, कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवले.

पुढच्या आठवड्यात त्या नौदलाचे कॅप्टन तेवारो तपासणीला आले. मृदू बोलणारा, पन्नाशीचा माणूस. दुपारी दत्ताजीरावांनी त्यांना झणझणीत सेव-उसळ खायला नेलं. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही कॅप्टननी ती संपवली. दत्ताजीरावांनी मग आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत विचारलं, “सर, विमानांचं वजन एकदम कमी कसं झालं?”

“विमानं नाहीतच,” तेवारो म्हणाले. “नऊ होती. सुटे भाग मिळेनात. सहा संग्रहालयात आहेत, दोन शाळांपुढे आणि एक विमानतळावर.”

“म्हणजे एक तरी जागेवर आहे.”

“पार्किंगमध्ये. भोवती फुलझाडं लावली आहेत.”

“मग लिफ्ट कशाला?”

“नौदल दिनाला आमचे संरक्षणमंत्री लिफ्टमधून डेकवर येतात. सोबत पत्नी, केक आणि चार बिगुलवाले. एकूण नऊशे किलो. मागच्या वेळी लिफ्ट मध्येच अडकली. पाहुण्यांना मंत्री छातीपर्यंतच दिसत राहिले. भाषण त्यांनी तसंच पूर्ण केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती मंजूर झाली.”

दत्ताजीरावांना धनाजीराव आठवले. “विमानं नसतील तर ही नौका ठेवता कशाला?” त्यांनी विचारलं.

“ती काढली तर तीन ॲडमिरल घरी जातील.” तेवारोंनी रुमालाने डोळे पुसले. “मी ठेवा म्हणतो ते वेगळ्या कारणासाठी. चार वर्षांपूर्वी वादळ आलं. बाहेरच्या बेटांवरची चारशे माणसं आम्ही नौकेच्या पोटातल्या हँगरमध्ये आणली. त्यांना डेकवरून हेलिकॉप्टरने हलवायचं होतं आणि ऐन वेळी लिफ्ट बंद पडली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आम्ही शिडी चढलो. दोघांचा जीव शिडीवरच गेला. तेव्हा मी दुरुस्तीचा अर्ज केला होता. त्यावर उत्तर आलं नाही; तेव्हापासून लिफ्ट आम्हीच कशीबशी चालवत होतो.”

कारखान्यात परतल्यावर दत्ताजीरावांनी कॅप्टनना कोपऱ्यात नेऊन ताडपत्री उचलून दाखवली. तेवारोंनी जाड पाइपवर हात ठेवला.

संध्याकाळी दत्ताजीराव हसितभाईंच्या केबिनमध्ये गेले. “शेठ, जाडेच पाइप लावू. मंत्र्यांचं वजन कागदावर लिहितात तेवढंच असतं का? आणि आपला सिलिंडर मंत्र्यांसकट मध्येच अडकला, तर सगळं जग बघेल.”

हसितभाईंनी सुधारित पत्र बाजूला सारलं. “जाडा ज लगावो,” ते म्हणाले.

सिलिंडर गेले. नौदल दिनाला मंत्री, पत्नी, केक आणि बिगुलवाले एका दमात वर आले. समारंभाचा व्हिडिओ पाहून धनाजीरावांनी विचारलं, “विमान कधी येतंय?” दत्ताजीरावांनी खरं सांगून टाकलं. धनाजीराव म्हणाले, “हे मांडवीत नको सांगू.”

सात महिन्यांनी तिकडे पुन्हा वादळ आलं. लिफ्टने एका दिवसात सहाशे माणसं, पाण्याच्या टाक्या आणि एक रुग्णवाहिका डेकवर नेली. मंत्र्यांनी टीव्हीवर आपल्या दूरदृष्टीचे आभार मानले. त्यानंतर कॅप्टन तेवारोंना नोटीस गेली. समारंभाच्या, नऊशे किलो क्षमतेच्या लिफ्टवर मंजुरीविना जास्त भार घालून सरकारी मालमत्ता धोक्यात आणल्याबद्दल खुलासा करावा.

तेवारोंनी दत्ताजीरावांकडे लिफ्टची खरी क्षमता सांगणारा दाखला मागितला. तो द्यायचा म्हणजे माल ऑर्डरप्रमाणे बनवला नाही, हे लेखी कबूल करायचं. हसितभाई केबिनमध्ये फेऱ्या घालत राहिले.

“शेठ, तुम्ही सही करू नका,” दत्ताजीराव म्हणाले. “मी करतो. काम माझंच आहे.”

त्यांनी लिहिलं : बारा टन, मी स्वतः तपासलेले.

तेवारो सुटले. कारखान्याचं नाव मात्र त्या नौदलाने ‘ठरलेला माल न देणारे’ म्हणून पुरवठादारांच्या यादीतून काढलं. हसितभाई महिनाभर दत्ताजीरावांशी बोलले नाहीत. मग डंपरच्या घाईत बोलावंच लागलं.

तेवारोंनी एक फोटो पाठवला होता. लिफ्टच्या पत्र्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी, मांडीवर कोंबडी, मागे मोकळं आकाश. नलिनीताईंनी मोबाईल हातात घेऊन तो बराच वेळ पाहिला.

“ही मान वर करून काय बघतेय?”

“हेलिकॉप्टर असेल.”

“कोंबडीला पण नेऊ दिलं?”

“बारा टनांची लिफ्ट आहे ती,” दत्ताजीराव म्हणाले, आणि डबा घेऊन कामाला निघाले.