पूर्वजांच्या विस्तवापाशी

मोटार अंगणात शिरली तेव्हा उचिवा आरशात बघून डोक्यावरचा मुकुट सरळ करत होती. तेवढ्यात राजधानी विंडहुकहून आलेल्या ड्रायव्हरने गाडी नेमकी थोरल्या घराचं दार आणि पूर्वजांचा विस्तव यांच्यामधून नेली. बिचाऱ्याला काय माहीत? पण तिथून हेरेरो जमातीतलं शेंबडं पोरसुद्धा जात नाही, आणि उचिवा तर याच अंगणात रांगलेली. विस्तव सांभाळत बसलेल्या कौरिवीकाकांनी, तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाने, मान फिरवली आणि ते गुरांकडे बघत राहिले.

पाच खंडांतल्या मुलींमधून निवडलेली सुंदरी म्हणून ती वर्षभर जग फिरली होती. मागच्या हिवाळ्यात वडील गेले, तेव्हा ती कुठल्याशा समुद्राकाठच्या शहरात फीत कापत होती. करारात सुट्टी नव्हती. गावात माती झाली त्याच दिवशी तिचा हसरा फोटो पेपरात आला, आणि तो काकांना कुणीतरी नेऊन दाखवला. दाखवणारे सगळीकडे असतात.

आता मुकुट दुसरीला देण्याआधी ती एवढ्यासाठीच आली होती, की काकांनी तिला विस्तवापाशी न्यावं आणि वडिलांना तिचं नाव सांगावं. गेलेल्यांशी बोलायचं ते विस्तव सांभाळणाऱ्यानेच. तो बोलला नाही, तर कोण आलंय हे त्यांना कळायचं कसं?

काका मात्र बोलेनात. तिने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी वासराच्या पायाची चौकशी केली.

"अख्ख्या जगाने ओळखलं तुला, आणि घरच्या घरी ओळखपरेड!" वेयामाकाकू चुलीपाशी हसून म्हणाली. हसता हसता तिने डोळे पुसले. विस्तवाला भेटून काकांनी चाखून देईपर्यंत घरचं आंबट दूध उचिवाला चालत नव्हतं, म्हणून काकू तिला नुसता काळा चहा देत होती.

संध्याकाळी गुरं परतली की लाल धूळ उडायची आणि काटेरी झाडं, गोठा, माणसं, सगळं त्यात विरघळून जायचं. त्या धुळीत उचिवाला वडील दिसत. ते एकेका गाईला नावाने हाक मारत, पण उचिवाला हाक मारत नसत. बाबा रागातच गेले असतील का, हा एकच विचार तिला जाळत होता.

एके सकाळी काकूने आपला ठेवणीतला घोळदार झगा काढला. आत एकावर एक परकर, आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं काढलेलं कापड.

"यात पळता येत नाही. म्हणूनच तर घालायचा," काकू गाठ आवळत म्हणाली. "जा आता. गोठ्याच्या बाजूने जा, दार आणि विस्तवाच्या मधून नको. आणि माफी मागत जाऊ नकोस, नुसती चाल."

उचिवा निघाली. झग्याने पाय आपोआप संथ झाले, भरल्या पोटाने पाण्यावरून परतणाऱ्या गाईसारखे. स्पर्धेच्या आधी तिथल्या बाईने तिला झपझप चालायला शिकवलं होतं. शेवटच्या फेरीत ती इतकी घाबरली की शिकलेलं सगळं विसरली, आणि पायांनी त्यांचं ते बघून घेतलं. तेव्हाही ती अशीच चालली होती. सभागृह गप्प झालं होतं, ते का, हे तिला आज कुठे उमगलं.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात समोर धूर. त्यांनी मान वर केली. हातातली काठी खाली पडली.

"आई?" ते म्हणाले.

"मी उचिवा आहे, काका."

 काकांनी काकूकडे पाणी मागितलं, घोटभर तोंडात घेतलं आणि पूर्वजांपुढे आणलेल्याला आशीर्वाद देतात तसं उचिवाच्या चेहऱ्यावर फुरकन फवारलं. पाणी गार होतं. ती तशीच डोळे मिटून उभी राहिली.

विस्तवाकडे वळून काका रोजचं बोलावं तसं बोलू लागले.

"धाकट्या, तुझी उचिवा आलीय. उशिरा आली, पण आली. ती जिंकली त्या दिवशी दुकानातल्या टीव्हीसमोर सगळा गाव बसला होता, पोरगी असल्या स्पर्धेत गेली म्हणून मी तेवढा रुसून घरी राहिलो. तू परत आलास तो रडतच. 'दादा, पोरगी आपल्या आईसारखी चालते,' म्हणालास. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस."  त्यांचा हात हवेत चाचपडला आणि उचिवाच्या खांद्यावर विसावला. "आज मी बघितलं रे."

काकू आंबट दुधाने भरलेला वाळका भोपळा घेऊन आली. काकांनी आधी दूध चाखलं आणि मग भोपळा उचिवाच्या हातात दिला.